नोकरी सांभाळून अभिनय: राजीनाम्याआधी काय पाहायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१. विमा कंपनीच्या दावे विभागात सहा वर्षं नोकरी, आणि त्या कामात मन अजिबात रमत नाही. संध्याकाळी एका हौशी गटात तालमी. आतापर्यंत तीन नाटकांत भूमिका आणि एक लघुपट. ऑफिसमधून निघताना अंगात त्राण उरत नाही, ऑडिशन नेमकी कामाच्या वेळेत येते, मग खोटं कारण सांगून रजा काढावी लागते. तर आता राजीनामा देऊन पूर्णवेळ अभिनय करावा का, आणि मुळात उशीर तर झाला नाही ना?

आधी उत्तर देते, कारणं नंतर. आत्ता राजीनामा देऊ नका. तुम्ही नोकरीच्या कंटाळ्याबद्दल भरभरून लिहिलंय, पण नोकरीपायी हातचं गेलेलं एकही काम त्यात नाही. काही ऑडिशन हुकल्या, त्यावर दुसरा इलाज आहे आणि तो पुढे सांगते. पण ठरलेली, मानधन मिळणारी भूमिका रजा मिळाली नाही म्हणून सोडावी लागली, असं तुमच्या बाबतीत अजून घडलेलं नाही. माझ्या मते नोकरी सोडायला तेच एक खरं कारण आहे. वैताग हे नोकरी बदलायचं कारण होऊ शकतं. पूर्णवेळ अभिनयाकडे वळायला ते पुरत नाही, कारण राजीनाम्याबरोबर वैताग संपतो, घरखर्च मात्र संपत नाही.

मी बरीच वर्षं नोकरी करत रंगमंचावर काम केलं, मग पूर्णवेळ या क्षेत्रात आले. आता अभिनयाबरोबर शिकवते, आणि अधूनमधून कास्टिंगच्या, म्हणजे भूमिकांसाठी नट निवडणाऱ्यांच्या, टेबलापलीकडच्या खुर्चीवरही बसते. त्या खुर्चीवरून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते, ती आधी सांगते.

गरज कॅमेऱ्यात दिसते. एका ऑडिशनचं दृश्य अगदी साधं होतं: मोठा भाऊ धाकट्याकडून घराची किल्ली परत मागतो. एक मुलगा आला, तयारी चोख, उच्चार स्वच्छ, वाक्यं तोंडपाठ. पण प्रत्येक वाक्य संपलं की त्याची नजर क्षणभर आमच्याकडे वळायची. जेमतेम पापणी लवण्याइतका वेळ. तेवढ्यानेही धाकटा भाऊ दृश्यातून नाहीसा व्हायचा आणि उरायचा तो नोकरी सोडून आलेला, हे काम मिळालंच पाहिजे असं स्वतःला बजावून आलेला माणूस. त्याच दुपारी दुसरा एक जण आला. जेवणाच्या सुट्टीत आलो आहे, लवकर परत पोचायचंय, असं त्याने आधीच सांगितलं. त्याने पहिल्या वाक्याला हात पुढे केला आणि तो तसाच ठेवला. समोर आमचा सहायक कागदात बघून धाकट्याची वाक्यं सपाट वाचत होता, तरी याची नजर त्याच्या खिशावर. वाक्यं संपली, हात खाली आला नाही. त्याला किल्ली हवी होती. आमच्याकडून त्याला काहीच नको होतं.

नोकरदार माणूस आपोआप चांगला अभिनय करतो, असं मला म्हणायचं नाही. पगार आला की ऑडिशन ही फक्त ऑडिशन राहते. पगार थांबला की तीच पुढच्या महिन्याचा हप्ता होते, आणि तो हप्ता तुमच्या डोळ्यांत येऊन बसतो. दृश्यातल्या माणसाकडून काहीतरी हवं असणं म्हणजे अभिनय. ते हवंपण कास्टिंगवाल्यांकडे वळलं की भूमिका मोडते. तुमची रटाळ नोकरी आज तुमचं या एका गोष्टीपासून रक्षण करते आहे, आणि हे रक्षण स्वस्तात मिळत नाही.

पैशांचं चित्रही नीट पाहून घ्या. जगातल्या सगळ्यात संघटित चित्रपट उद्योगात, अमेरिकेत, २०२३ साली नटांच्या युनियनने ११८ दिवस संप केला. त्या वेळी वारंवार पुढे आलेली बाब अशी, की युनियनच्या आरोग्य विम्याला पात्र होण्यासाठी तेव्हा वर्षाला २६,४७० डॉलर कमाई लागत होती आणि बहुसंख्य सदस्य तिथवर पोचतच नव्हते. हे कार्डधारक, व्यावसायिक नट. म्हणजे अभिनयाबरोबर पोटापाण्याचं दुसरं काम करणं हा या व्यवसायातला नेहमीचा क्रम आहे. तुम्ही बाहेर ताटकळत उभे आहात असं तुम्ही लिहिलंय, ते मनातून काढून टाका. तुमच्यासारखे असंख्य लोक आतच आहेत.

आता नोकरीबद्दल. न आवडणारी नोकरी दोन प्रकारची असते आणि त्या दोन्हींना एकच उपाय लागू पडत नाही. एक निव्वळ कंटाळवाणी: काम ठरलेलं, सुटायची वेळ ठरलेली, घरी आल्यावर डोक्यात काही उरत नाही. दुसरी माणसाला पिळून काढणारी: रात्री दहाला फोन, रविवारी मेसेज, रोजचा अपमान, कायम पुढच्या टार्गेटची धास्ती. पहिल्या प्रकारची नोकरी नटासाठी उत्तम. मी तर म्हणेन, मन गुंतवून टाकणाऱ्या नोकरीपेक्षाही ती बरी, कारण आवडती नोकरी संध्याकाळचा विचारही खाते. दुसऱ्या प्रकारची असेल तर ती बदला, पण बदलून अभिनयात येऊ नका, दुसऱ्या नोकरीत जा. नवी नोकरी शोधताना पद आणि पगारवाढीच्या आधी तीन गोष्टी विचारा: सुटण्याची वेळ खरोखर पाळली जाते का, आयत्या वेळी एखाद-दुसरी रजा मिळते का, आणि घरी गेल्यावर काम मागे येतं का. थोडा पगार कमी चालेल. बढती समोर आली तरी हेच तीन प्रश्न विचारा. हाताखाली दहा माणसं आली की तालमीच्या मध्यात फोन वाजणार, हे गृहीत धरा.

तुमच्या वर्णनावरून दावे विभागातलं काम पहिल्या प्रकारचं वाटतं. कंटाळा आहे, जाच नाही. मग एवढा थकवा कशाचा?

यावर जरा थांबते, कारण नोकरी करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याची हीच तक्रार असते. बहुतेकांचा थकवा अंगमेहनतीचा नसतो. आठ-नऊ तास तुम्ही एका खुर्चीत असता, खांदे पुढे आलेले, मान स्क्रीनकडे ओढलेली, श्वास छातीत वरच्या वर. आवाज दिवसभर एकाच पट्टीत, कारण ऑफिसात कोणी हसतही नाही मोठ्याने. चेहऱ्यावर सौजन्य. राग आला तरी मेलमध्ये ‘कृपया’. दिवसभर शरीराने जे काही दाबून धरलेलं असतं, तेच तालमीत मोकळं करायचं असतं, आणि ते असं बटण दाबल्यावर होत नाही. म्हणून सातच्या तालमीला तुम्ही साडेआठला पोचता. देहाने सातलाच हजर असता, पण नट म्हणून साडेआठला.

यावर उपाय आहे आणि तो वीस मिनिटांचा आहे. ऑफिसातून घरी जाऊ नका, थेट तालमीच्या जागी जा. घरी जाऊन आडवं पडलात की उठणं महाकठीण. तालमीच्या जागी सगळ्यांच्या आधी पोचा. जमिनीवर पाठ टेकून झोपा, गुडघे वर, तळपाय जमिनीला, एक हात पोटावर. सुरुवातीला श्वास घेण्याकडे लक्षच देऊ नका, सोडण्याकडे द्या: दातांमधून बारीक ‘स्स’ करत पूर्ण संपेपर्यंत सोडा, मग आत येणारा श्वास आपसूक खोल जातो. पाच-सात वेळा असं झालं की हात वर-खाली होताना जाणवेल, दिवसात पहिल्यांदाच. मग जबडा. दोन्ही तळव्यांनी गाल खाली ओढत जबडा सैल सोडा. दिवसभराचं सौजन्य तिथेच साठलेलं असतं. मग ओठ मिटून गुणगुणणं, खालच्या पट्टीतून वर, वरून खाली, जोर न लावता. शेवटी उभं राहून हात-पाय-खांदे झटकणं आणि चालणं, आधी हळू, मग भरभर. एवढं झाल्यावरही जो थकवा उरेल तो खरा, आणि त्याला झोपच लागते. ज्या दिवशी खरा थकवा असेल त्या दिवशी दिग्दर्शकाला सांगा आणि फक्त जागा-हालचालींची तालीम करा. दमलेल्या अंगाने मोठा भावनिक प्रसंग ओढून काढायचा हट्ट धरू नका. त्यात घसा बसतो आणि खोट्या सवयी लागतात.

पाठांतराचंही तसंच. रात्री अकरा वाजता संहिता हातात घेऊन घोकणं हा नोकरदार नटाचा ठरलेला शिरस्ता आहे, आणि तो फार महागात पडतो. वेळ तर जातोच, त्याहून मोठा तोटा म्हणजे घोकताना वाक्याला चाल लागते. कुठे आवाज चढणार, कुठे उतरणार, हे एकट्याने ठरून जातं, आणि मग समोरचा नट काहीही करो, तुमचं वाक्य त्याच चालीत येतं. दिग्दर्शक सांगून थकतो, ती चाल जात नाही.

मी वेगळ्या तऱ्हेने पाठ करायला सांगते. आधी स्वतःचं वाक्य पाहूच नका, समोरच्याचं वाचा. त्याच्या वाक्यातला कोणता शब्द तुम्हाला बोलायला भाग पाडतो, त्यावर खूण करा. तो तुमचा खरा क्यू, म्हणजे बोलायला लागण्याचा इशारा. मग स्वतःच्या वाक्यापुढे पेन्सिलीने एक क्रियापद लिहा: टाळतो, डिवचते, समजूत काढतो, वेळ काढते. हे झाल्यावरच शब्दांकडे या, ते सपाट आवाजात म्हणा, चालता चालता म्हणा. हेल्गा नॉइस या मानसशास्त्रज्ञ आणि टोनी नॉइस या नट-दिग्दर्शकांनी नटांच्या पाठांतराचा बरीच वर्षं अभ्यास केला, आणि त्यांना हेच आढळलं, की नट शब्द घोकण्यापेक्षा त्यामागचा हेतू पकडतात आणि शब्द त्याच्या मागून येतात. हालचालीला जोडलेली वाक्यं जास्त टिकतात. शिवाय एका बैठकीत दोन तास बसण्यापेक्षा वीस-वीस मिनिटांचे तुकडे दिवसांवर पसरलेले बरे. हर्मान एबिंगहाउसने १८८५ मध्येच अशा विखुरलेल्या उजळणीचा फायदा दाखवून दिला होता. नोकरी करणाऱ्याला हे सोयीचंच आहे. सकाळी निघण्याआधी वीस मिनिटं, प्रवासात एकदा मनातल्या मनात, दुपारी जिन्यावर एकदा. रात्री फक्त एकदा डोळ्यांखालून घाला आणि झोपा. झोपेत आठवण पक्की होते.

सकाळबद्दल अजून एक. ज्या कामाला डोकं लागतं ते सकाळी करा: संहितेचं वाचन, भूमिकेची टिपणं, नवीन उताऱ्यावरचं काम. ज्याला माणसं लागतात ते संध्याकाळी. उलटं केलं की दोन्ही बिघडतं. आणि आठवड्यातून निदान पाच दिवस, मग ते पंधरा मिनिटं का असेना, हातात अभिनयाचं काही तरी असू द्या. प्रयोग जवळ आला की रोज चार तास आणि एरवी दोन महिने काहीच नाही, असा कारभार बहुतेक हौशी गटांत चालतो. त्यात उत्साह टिकतो, हात तयार होत नाही.

तुमच्या दावे विभागात मात्र एक खजिना पडून आहे आणि तुम्ही त्याकडे पाठ करून बसला आहात. तिथे रोज माणसं येतात किंवा फोन करतात, आणि प्रत्येकाला काहीतरी हवं असतं, प्रत्येकासमोर अडथळा असतो. दावा नामंजूर झाल्याचं ऐकल्यावर माणूस नेमकं काय करतो? ओरडतो म्हणाल, पण बहुतेक जण ओरडत नाहीत. कागद सरळ करतात. फाइलच्या कडा जुळवतात, पेनाचं टोपण लावतात-काढतात, आधी विचारलेलाच प्रश्न पुन्हा, आणखी नम्रपणे विचारतात. भावना दाखवायची नसते तेव्हा ती हातात उतरते. हे कुठल्याही कार्यशाळेत शिकवता येत नाही, पाहावंच लागतं. एक छोटी वही ठेवा आणि रोज एका माणसाची एक कृती लिहा. ‘दुःखी होता’ असं लिहू नका, काय केलं ते लिहा. त्यांची नावं आणि खाजगी तपशील वहीत येऊ देऊ नका, एवढं पथ्य पाळा. याने नोकरी आवडायला लागेल असं वचन मी देत नाही. पण दिवसाचे आठ तास निव्वळ वाया गेले, ही बोच कमी होते, आणि संध्याकाळी तालमीला तुम्ही रिकाम्या हातांनी जात नाही.

आता कोणतं काम घ्यायचं, हा प्रश्न. सगळं काम नोकरीबरोबर जमत नाही, आणि हे आधी कळलं की मनस्ताप वाचतो. नाटक सगळ्यात चांगलं जमतं, कारण तालमी आणि प्रयोग बहुधा संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी असतात. लघुपटांचं चित्रीकरण पुष्कळदा शनिवार-रविवारी. डबिंग, श्राव्य पुस्तकं, आवाजाची कामं तासांच्या हिशोबात असतात. जाहिरात एक-दोन दिवसांची, पण तारखा आयत्या वेळी हलतात. चित्रपटातली लहान भूमिका चार-पाच दिवसांची असली तरी ते दिवस सलग मिळतीलच असं नाही, आणि शिफ्ट बारा तासांची धरून चाला. रोजच्या मालिकेतली मुख्य भूमिका मात्र पूर्णवेळ नोकरीबरोबर होत नाही. महिन्यातले बहुतेक दिवस तिथेच जातात. त्यामुळे आज तुम्ही मालिकांच्या ऑडिशनसाठी रजा खर्च करत असाल, तर ते थांबवा. निवड झाली तर हो म्हणण्याची तयारी आहे का, हे स्वतःला ऑडिशनला जाण्याआधी विचारायचं. नसेल तर जाऊ नका. निवड झाल्यावर माघार घेणारा नट कास्टिंगवाल्यांच्या पक्का लक्षात राहतो.

आणि एका वेळी एकच नाटक. दोन गटांत तालमी धरल्या की दोन्हीकडे उशिरा पोचणारा माणूस म्हणून नाव होतं. या क्षेत्रात वेळेवर येणारा, पाठांतर करून येणारा आणि तारखा न फिरवणारा नट पुन्हा बोलावला जातो. त्याच्याहून थोडा अधिक गुणी पण बेभरवशाचा नट एकदाच बोलावला जातो. नोकरी करणाऱ्यांकडे ही शिस्त मुळातच असते. ती तुमची मोठी जमा बाजू आहे, तिला कमी लेखू नका.

हुकलेल्या ऑडिशनचा इलाज आता बऱ्याच अंशी तुमच्या खिशात आहे. पहिल्या फेरीला आज बहुतेक ठिकाणी स्वतः चित्रित करून पाठवलेली ऑडिशन, सेल्फ टेप, चालते. प्रत्यक्ष येण्याचा निरोप आला तरी ‘आज रात्रीपर्यंत टेप पाठवली तर चालेल का’ असं विचारायला काहीच हरकत नाही. बरेचदा हो म्हणतात. त्यासाठी घरातला एक कोपरा कायमचा तयार ठेवा: साधी एकरंगी भिंत, प्रकाश समोरून, फोन आडवा आणि डोळ्यांच्या उंचीवर, फ्रेम छातीपासून वर. वाचणारा माणूस कॅमेऱ्याला अगदी लगटून उभा हवा, म्हणजे तुमचे दोन्ही डोळे दिसतात. तो माइकच्या जवळ असल्याने त्याने हळू वाचायचं, आणि अभिनय करायचा नाही. नाव, उंची, दोन्ही बाजूंचे प्रोफाइल वेगळ्या क्लिपमध्ये. दोन टेक पाठवायला सांगितले असतील तर दुसरा खरोखर वेगळा करा: पहिल्यात किल्ली हक्काने मागितली असेल, तर दुसऱ्यात चोरून मागा. रात्री दोनपर्यंत पंचवीस टेक घेऊ नका. पाचव्या-सहाव्या टेकनंतर सुधारणा थांबते आणि फक्त शंका वाढते. वेळेत पाठवा, आणि मग विसरा. उत्तर बहुधा येत नाही. न येणं म्हणजे तुमच्या कामावरचा शेरा नाही; उंची, वय, दुसऱ्या नटाशी दिसणारं साम्य, तारखा, असल्या कितीतरी कारणांनी ती टेप बाजूला पडलेली असते.

रजेसाठी खोटं बोलणं मात्र बंद करा. नैतिक उपदेश म्हणून हे सांगत नाहीये. ज्या दिवशी तुमचं काम पडद्यावर दिसेल त्या दिवशी प्रत्येक ‘आजारी आजी’ उघडी पडते, आणि ऐन गरजेच्या वेळी साहेब रजा नाकारतो. वरिष्ठांना एकदा शांतपणे सांगून टाका: मी नाटकात काम करते किंवा करतो, वर्षातून काही वेळा दोन दिवस आधी सांगून रजा लागेल, माझं काम मी अडू देणार नाही. मग ते खरंच अडू देऊ नका. महिनाअखेरीला, दाव्यांच्या गर्दीत रजा मागू नका. सहकाऱ्याच्या अडचणीला आधी तुम्ही उभे राहा. वर्षाच्या रजा लग्नकार्यं आणि सहली यांत संपवू नका. निम्म्या अभिनयासाठी बाजूला काढा, आणि घरच्यांनाही हे वर्षाच्या सुरुवातीलाच सांगा. त्याआधी नेमणूकपत्र वाचा. अनेक नोकऱ्यांत, सरकारी सेवेत तर हमखास, बाहेरून मानधन घ्यायला पूर्वपरवानगी लागते. अर्ज लेखी करा, परवानगी लेखी घ्या.

उशिराबद्दल. तुम्ही ३१ चे आहात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९६९ साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ अभिनयाकडे वळले. अमरीश पुरींनी कर्मचारी राज्य विमा महामंडळात सुमारे दोन दशकं नोकरी केली आणि त्याच काळात रंगभूमीवर काम केलं. चित्रपटांत त्यांचं नाव झालं ते त्यानंतर. ब्रिटिश नट ॲलन रिकमन आधी ग्राफिक डिझायनर होता, मित्रांबरोबर स्वतःचा स्टुडिओ चालवत होता. सव्विसाव्या वर्षी त्याने लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्टमध्ये प्रवेश घेतला आणि जगाने त्याला मोठ्या पडद्यावर पाहिलं १९८८ मध्ये, चाळिशीनंतर. आणि ज्याच्या पद्धतीचा आपण सगळे आज पाठ घेतो, तो रशियन नट-दिग्दर्शक कॉन्स्टान्टिन स्तानिस्लाव्स्की घरच्या सोन्या-चांदीच्या जरीच्या कारखान्यात काम पाहायचा. त्याचं खरं आडनाव अलेक्सेयेव्ह. हौशी रंगमंचावर काम करताना त्याने दुसरं नाव घेतलं. जून १८९७ मध्ये नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को यांच्याशी त्याची सुमारे अठरा तास चाललेली बैठक झाली, तिच्यातून पुढच्या वर्षी मॉस्को आर्ट थिएटर उभं राहिलं, आणि तेव्हाही त्याच्यामागे कारखान्याची जबाबदारी होतीच.

ही नावं धीर देण्यासाठी सगळेच सांगतात. मी वेगळ्या कारणाने सांगते. यातला एकही माणूस नोकरीच्या काळात वाट बघत बसलेला नव्हता. लागू डॉक्टरकी करताना नाटकं करत होते, पुरी नोकरी करताना, रिकमन डिझायनर असताना हौशी गटात, स्तानिस्लाव्स्की तर विशीच्या आधीपासून घरच्या रंगमंचावर. पूर्णवेळ होण्याच्या क्षणी त्यांच्या मागे बरंच काम साठलेलं होतं. आणि ज्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत असे कितीतरी जण तेवढेच गुणी होते, तेवढंच काम केलेले होते, आणि त्यांना ते दार उघडलं नाही, हेही लक्षात असू द्या. त्यांच्यातले काही जण आयुष्यभर नोकरी करत रंगमंचावर उभे राहिले आणि त्यांच्या भूमिका पाहिलेले लोक आजही त्यांच्याबद्दल बोलतात. त्यांना अपयशी म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

मग सोडायची कधी? तुमच्या बाबतीत मी काय पाहीन ते सांगते. गेल्या वर्षभरात ठरलेली, मानधनाची कामं नोकरीमुळे नाकारावी लागली का, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा? एकदा काम दिलेल्या माणसांनी तुम्हाला परत बोलावलं का? ओळखीच्या गटाबाहेरच्या, तुमच्याशी काही नातं नसलेल्या दिग्दर्शकाने तुम्हाला निवडलं का? वर्षभराचा घरखर्च, आईवडिलांची किंवा मुलांची जबाबदारी धरून, बाजूला आहे का, आणि डोक्यावर कर्ज नाही ना? मानधन काम झाल्यावर महिन्यांनी येतं, अनेकदा मागून मागून येतं, त्यामुळे ‘काम मिळालं की भागेल’ हा हिशोब धरू नका.

आणि सगळ्यात अवघड प्रश्न: काम नसलेल्या सोमवारी सकाळी तुम्ही काय कराल? पूर्णवेळ झालेल्या कितीतरी नटांना मी याच सोमवारी खचताना पाहिलंय. नोकरी होती तेव्हा वेळ मिळत नाही ही तक्रार होती. आता वेळच वेळ, पण कोणी बोलावत नाही, आणि हळूहळू दिवस उशिरा सुरू होतो, फोनकडे बघण्यात जातो. नोकरीने दिलेला दिवसाचा साचा गेलेला असतो आणि स्वतःचा तयार नसतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना राजीनाम्याआधी एक काम सांगते. साठलेली रजा किंवा बिनपगारी रजा एकत्र करून चार आठवडे घ्या, त्या काळात कोणतंही ठरलेलं काम नसताना, आणि नटासारखे जगून पाहा. सकाळी आवाज आणि शरीर, मग नवीन उतारा, दुपारी वाचन, संध्याकाळी तालीम, आठवड्याला एक टेप. चौथ्या आठवड्यातही हा क्रम टिकला तर तुमच्याकडे काहीतरी आहे. दुसऱ्याच आठवड्यात ढेपाळला तर नोकरी आड येत होती असं म्हणता येणार नाही, आणि हे नोकरी हातात असतानाच कळलेलं बरं. पूर्ण सोडणं आणि पूर्ण करणं यांच्यामध्येही जागा असते: अर्धवेळ, कंत्राटी, शिफ्टचं काम. ती आधी चाचपून पाहा.

या वर्षी मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं: वरिष्ठांशी बोलणं आणि परवानगीचा अर्ज या महिन्यात. ऑडिशनसाठी दोन उतारे कायम तयार, एक हलकाफुलका, एक गंभीर, दोन्ही दोन मिनिटांच्या आतले आणि तुमच्याच वयाच्या माणसाचे. सध्याच्या गटाबाहेर, जिथे कोणी तुम्हाला ओळखत नाही अशा एका दिग्दर्शकाकडे काम मिळवणं, भूमिका लहान असली तरी चालेल. आठवड्याच्या शेवटी चालणारा एखादा वर्ग लावायचा असेल तर असा निवडा, जिथे प्रत्येक वेळी तुम्हाला उभं राहून काम करावं लागतं आणि त्यावर कोणीतरी नेमकं बोलतं. जिथे तीन तास नामवंतांच्या आठवणी ऐकायला मिळतात तिथे पैसे घालू नका. पैशांचीच गोष्ट निघाली म्हणून सांगते: भूमिका देण्यासाठी नोंदणी शुल्क, कार्डाचे पैसे, अमुकच छायाचित्रकाराकडून फोटो काढून घेण्याची अट, यातलं काहीही कोणी मागितलं तर तिथून निघा. खरं कास्टिंग नटाकडून पैसे घेत नाही. आणि ऑफिसनंतरच वेळ मिळतो म्हणून रात्री उशिरा एखाद्या घरी किंवा हॉटेलच्या खोलीवर भेटायला बोलावलं, तर दिवसाची वेळ आणि ऑफिसचा पत्ता मागा. नाही म्हणाले तर ती ऑडिशन नव्हती.